दोन टकटकींच्या मधलं

पहिल्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राची बाईंची सगळी व्याख्यानं अजून विद्यापीठाच्या साइटवर आहेत. कुणीही उघडावीत आणि ऐकावीत. इतकी सफाईदार आहेत की मला ती ऐकवत नाहीत. सफाई माझी आहे, म्हणूनच.

मी विद्यापीठाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत काम करतो. दारावर ‘ध्वनी तंत्रज्ञ’ अशी पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही, सगळे मला रेकॉर्डिंगवाले म्हणतात. प्राध्यापकांच्या तोंडून जे निघतं ते विद्यार्थ्यांच्या कानात पडायच्या आधी धुऊन, पिळून, वाळत घालायचं, एवढं माझं काम. खोकले काढायचे, खाकरणं काढायचं, ‘तर मग’ आणि ‘काय आहे ना’ काढायचं. आमचे एक प्राध्यापक दर वाक्याला नाक ओढतात. त्यांचं एका तासाचं व्याख्यान माझ्या हातून सत्तेचाळीस मिनिटांचं होऊन बाहेर पडतं, आणि आपण फार मुद्देसूद बोलतो असा त्यांचा समज आहे. असो.

पोरं ही व्याख्यानं कशी ऐकतात ते मी रोज बघतो. जिन्यावर बसून, रांगेत उभी राहून, सायकल चालवताना एका कानात इअरफोनचं बोंड खुपसून, कपडे धुवायच्या यंत्रासमोर मांडी घालून. आणि ऐकायचं तेही दीडपट वेगाने. आपण जन्मभर माणसाचा आवाज नीट लागावा म्हणून धडपडायचं आणि ही मंडळी तो चिमणीसारखा करून ऐकणार. आधी मला राग यायचा. मग सवय झाली.

पहिल्या वर्षाला सातशे पोरं. तेवढी बसतील असा वर्गच नाही, म्हणून व्याख्यानं रेकॉर्ड करायची असं ठरलं. आमचा स्टुडिओ म्हणजे कपाटाएवढी खोली, भिंतींना जाड अस्तर, एक टेबल, एक खुर्ची, एक माइक. काचेच्या अलीकडे मी. आवाजाची पातळी लावायची, यंत्र चालू करायचं, दोन मिनिटं ऐकायचं, आणि शेजारच्या खोलीत जाऊन आधीच्या व्याख्यानाची साफसफाई करत बसायचं. दोन्ही कामांना माणूस मी एकटा. म्हणजे व्याख्यान चालू असताना ते ऐकत कुणीच नसतं. हे लक्षात असू द्या.

बाई पहिल्यांदा आल्या त्या कॅनव्हासचे बूट घालून, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि हातात ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. विद्यापीठात बायका शिकवणाऱ्या चाळीस असतील, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. उंचीने माझ्या खांद्याला लागतील न लागतील.

“भाऊ, समोर तर कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “मी बोलू कुणाशी?”

“माइकशी बोला.”

“माइकला शंका येतात का?”

त्यांनी गुंडाळी सोडली, आतून एक पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, बाई, ऐकणाऱ्यांना पान कुठे दिसणार आहे. त्या म्हणाल्या, “मला दिसलं की त्यांना दिसतं.” पुढची चार वर्षं दर गुरुवारी त्या पान घेऊन आल्या, आणि जाताना ते माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. फेकायचं जिवावर यायचं म्हणून मी ते खणात टाकायचो. त्या खणात आता दुसरं काही मावत नाही.

बाकीचे प्राध्यापक एकदा रेकॉर्ड करायचे आणि तेच वर्षानुवर्षं चालवायचे. बाईंना ते कबूल नव्हतं. “गेल्या वर्षीचं पान यंदाच्या पोरांना दाखवू होय?” असं म्हणून त्या दर वर्षी सगळी व्याख्यानं नव्याने द्यायच्या. मी वैतागायचो आणि मनातून खूश व्हायचो.

टकटकीची युक्ती मीच शिकवली. पहिल्याच आठवड्यात त्या एका वाक्यात अडखळल्या आणि सगळं पहिल्यापासून करू या म्हणून हटून बसल्या. मी आत जाऊन सांगितलं, “बाई, चुकलात की माइकवर बोटाने दोनदा टकटक करा आणि तेच वाक्य परत सुरू करा. मी मागाहून बघून घेतो.”

“म्हणजे चुकलेलं नाहीसं होतं?”

“पार नाहीसं होतं.”

“आणि हे मला साठीला येऊन कळतंय,” त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. त्यांना त्या युक्तीचा नादच लागला. एकदा विभागप्रमुखांशी वाद चालला होता, बाई जरा जास्तच बोलून गेल्या, तशी त्यांनी प्रमुखांच्या टेबलावर दोनदा टकटक केली आणि तेच वाक्य गोड शब्दांत परत म्हटलं. प्रमुखांना काही कळलं नाही. मला मात्र दिवसभर हसू आवरेना.

पडद्यावर माणसाचा आवाज ओबडधोबड कुंपणासारखा दिसतो, आणि त्यात ही टकटक दोन सुयांसारखी सरळ उभी असते. लगेच सापडते. पुढे बाईंनी त्यात स्वतःची भर घातली: अडखळणं लांबलं तर आधी दोन टकटकी, मग काय ते सावरून घ्यायचं, मग पुन्हा दोन टकटकी आणि पुढे चालू. मधलं सगळं कचरा. ते ऐकायचीसुद्धा गरज नाही. इथून तिथवर रंगवायचं, एक कळ दाबायची, तुकडा गेला. कानाने काय, कुणीही कापेल. नुसतं बघून कापता आलं म्हणजे हात बसला, असं आम्ही लोक समजतो. माझा हात चांगलाच बसला होता. कापलेले तुकडे यंत्र आपणहून एका फोल्डरमध्ये टाकतं. त्याला मी नाव दिलं होतं ‘कचरा’.

पहिली दोन वर्षं अशी गेली की विचारू नका. बाईंची व्याख्यानं पोरांनी डोक्यावर घेतली. दुसऱ्या विषयाची पोरंसुद्धा ऐकायला लागली. त्यातल्या दुसऱ्या वर्षी माझी भाची पहिल्या वर्षाच्या वर्गात आली आणि शिकायला आमच्याकडेच राहिली. ती इस्त्री करताना ऐकायची. “मामा, बाई श्वास तरी घेतात का रे? एक शब्द इकडचा तिकडे नाही.” श्वास मी काढतो, असं मी तिला ऐटीत सांगितलं. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला घरात तेवढंच एक माणूस मिळालं होतं.

भाचीचं दुसरं वर्ष लागलं, आणि सुया वाढल्या.

आधी एका व्याख्यानात तीन-चार जोड्या असायच्या, त्या दहा झाल्या, मग वीस. दोन जोड्यांमधलं अंतरही वाढलं. दहा सेकंदांचं अर्धं मिनिट झालं, अर्ध्याचं दोन. मी म्हटलं, वय झालं, थकत असतील. मग टकटक नसलेल्या जागीही भोकं दिसायला लागली. “पानाच्या खालच्या बाजूला जी सूक्ष्म छिद्रं असतात त्यांना आपण म्हणतो,” आणि पुढे शांतता. मग एकदम, “म्हणून पान श्वास घेतं.” शब्द आलाच नव्हता आणि तो आला नाही हे बाईंना कळलंही नव्हतं.

पर्णरंध्र. शाळेतल्या पोराला येणारा शब्द. बाईंनी तो जन्मात दहा हजार वेळा उच्चारला असेल.

मी काय केलं? मी गेल्या वर्षीचं व्याख्यान उघडलं, त्यातून ‘पर्णरंध्रं’ उचललं आणि या वर्षीच्या भोकात बसवलं. दोन्ही बाजू घासून सारख्या केल्या. ऐकून बघितलं, सांधा कळेना. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत एक गिरकी घेतली. हे मी मुद्दाम सांगतोय. बाईंची दया वगैरे मला नंतर सुचली. त्या दिवशी होती ती निव्वळ हौस.

त्यानंतर दर आठवड्याला एक-दोन शब्द, मग वाक्यं, मग सबंध उदाहरणं. नवीन व्याख्यानात जुनं किती आणि नवं किती, हे माझं मला कळेनासं झालं. दोन टकटकींमधलं मी पूर्वीही ऐकत नव्हतोच. पण आता एक फरक होता. पूर्वी घाई म्हणून ऐकत नव्हतो, आता भीती म्हणून. चार-चार मिनिटांची ती मधली पट्टी पडद्यावर दिसायची, तिच्यात कुठे कुठे आवाजाचं बारीक कुंपण असायचं, आणि मी डोळे बारीक करून कळ दाबायचो.

त्याच सुमाराची एक गोष्ट. एका गुरुवारी बाई वेळेच्या आधी आल्या. नेहमी थेट आत जायच्या, त्या दिवशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातातलं पान उगाच उलटसुलट करत होत्या.

“भाऊ, मागच्या वेळचं ऐकलंत ना?”

“ऐकलं की, बाई.” ऐकलं कुठे होतं. पण नाही कसं म्हणायचं.

“सगळं ऐकलंत?”

“सगळं. आणि सगळं काढून टाकलं. तुम्ही निर्धास्त राहा, कुणाला काही कळायचं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग “बरं,” म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. मला वाटलं, मोठं ओझं उतरलं त्यांच्या मनावरचं. दोन वर्षांनी निवृत्ती, तोवर कुणी बोट दाखवू नये एवढंच त्यांना हवं असणार, आणि ते मी बिनबोभाट सांभाळतोय. त्या दिवशी मी स्वतःला फार थोर समजलो.

भाचीने मात्र पकडलं. तिचा तो विषय आता संपला होता, पण बाईंचा आवाज ऐकत इस्त्री करायची सवय सुटली नव्हती. तिने नवे चांगले इअरफोन घेतले होते. एका रविवारी सकाळी इस्त्री बाजूला ठेवून ती माझ्यापुढे आली.

“मामा, एक विचारू? यात बाई ‘पर्णरंध्रं’ म्हणतात तेव्हा मागे पंखा फिरतो. आधीच्या शब्दाला पंखा नाही, नंतरच्याही नाही. तेवढ्या एका शब्दालाच आहे.”

“तुला भास झाला असेल.”

“तीन ठिकाणी झाला. आणि तिन्ही ठिकाणी तो शब्द त्या अगदी एकसारखा म्हणतात. माणूस असं म्हणू शकतं का?”

“परीक्षा पंख्यावर आहे का तुझी?” मी ओरडलो. “अभ्यासात लक्ष घाल.”

ती इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “मामा, बाईंना बरं नाहीये का?”

“बाई ठणठणीत आहेत,” मी म्हटलं. त्यानंतर माझ्यासमोर तिने बाईंचं व्याख्यान कधी लावलं नाही.

जुन्या रेकॉर्डिंगमधून शब्दाबरोबर आलेला तो पंखा मी सोमवारी सकाळी काढून टाकला. सगळ्या व्याख्यानांमधून.

सांगायचं मनात आलंच नाही असं नाही. एकदा मी विभागप्रमुखांच्या खोलीपर्यंत गेलो होतो. दार वाजवलं, आत गेलो, आणि मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “या, या. बाईंची व्याख्यानं म्हणजे आपल्या विभागाचं नाक आहे हो. यात तुमचाही वाटा आहे.” मी खुर्चीत बसलो, माइकसाठी नवी वायर मागितली आणि परत आलो. वायर मिळाली. अजून आहे.

बाईंच्या घरी कुणी नव्हतं. यजमान जाऊन वर्षं झाली होती. एकच मुलगी, परगावी दातांचा दवाखाना चालवायची. तिला मी निरोपाच्या कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पण तिथवर यायच्या आधी हे सांगतो, की तो कार्यक्रम होऊ नये म्हणून मी माझ्या परीने धडपडलो. निवृत्तीच्या निमित्ताने बाईंनी मोठ्या सभागृहात, सगळ्यांसमोर, शेवटचं व्याख्यान द्यावं असं पोरांनीच ठरवलं होतं. मी बाईंना म्हटलं, आपण आधी रेकॉर्ड करू, तिथे नुसतं लावू.

“निरोप टेपवर द्यायचा? अहो भाऊ, मी आहे की अजून,” त्या म्हणाल्या.

सभागृह खचाखच भरलं होतं. चारशे पोरं, बहुतेकांनी बाईंना कधी बघितलेलंच नव्हतं. जो आवाज घेऊन ती जिने चढली, भांडी घासत बसली, परीक्षेच्या सकाळी बसमध्ये उभी राहिली, तो आवाज कसा दिसतो हे बघायला आली होती. बाई व्यासपीठावर आल्या तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, “एवढ्याशा आहेत?” आणि त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर, “किती सावकाश बोलतात रे.” त्याच्या शेजारणीने सांगितलं, “अरे, आपण दीडपटीवर ऐकतो.” मी सगळ्यात मागे, काचेच्या खोलीत, पातळीच्या कळीवर बोट ठेवून बसलो होतो.

पाच मिनिटं उत्तम गेली. बाईंनी पान वर धरलं, ते कुठल्या झाडाचं, सकाळी तोडताना ते कसं गार लागलं हे सांगितलं. पोरं हसली. मग त्यांनी पान उलटं केलं. “याच्या खालच्या बाजूला जी छिद्रं असतात, त्यांना,” आणि थांबल्या.

टक टक.

सभागृहभर आवाज घुमला. बाईंनी पानाकडे बघितलं, वर बघितलं, ओठ हलले. मग पुन्हा टक टक, आणि त्याच सुरात, “याच्या खालच्या बाजूला जी छिद्रं असतात, त्यांना,” आणि परत थांबल्या.

पोरांना वाटलं माइक तपासतायत. कुणीतरी हसलं. बाईंनी तिसऱ्यांदा टकटक केली आणि या वेळी त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे, मागच्या काचेकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या. चुकलेलं नाहीसं होतं असं मी त्यांना सांगितलं होतं, आणि ते का होत नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी पान खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि म्हणाल्या, “नमस्कार पोरांनो.” पहिल्यापासून.

मी कळ खाली ओढली. माइक बंद झाला. दुसऱ्या माइकवरून मी जाहीर केलं की तांत्रिक बिघाड झाला आहे, कार्यक्रम थांबवावा लागतोय, क्षमस्व. पोरांनी तरीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. प्रमुखांनी मला सगळ्यांसमोर झापलं, नेमकं आजच तुमचं यंत्र बिघडायचं होतं का म्हणून. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगतो, ते ऐकताना मला बरं वाटत होतं. कुणीतरी मला बोलतंय याचंच.

सभागृह रिकामं झाल्यावर एक बाई काचेच्या खोलीच्या दारात आली. पस्तिशीची असेल. बाईंचंच कपाळ.

“काका, मी पहिल्या रांगेत होते,” ती म्हणाली. “माइक चालू होता.”

मी काही बोलायच्या आत ती वळून निघून गेली.

दहा दिवसांनी ती आली, बाईंना घेऊन. दुपारची वेळ होती. बाई माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या, आणि न विचारता आत स्टुडिओत जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. ओल्या कागदाची गुंडाळी नव्हती. गळ्यात भिंग मात्र होतं. मुलगी माझ्याजवळ, काचेच्या अलीकडे बसली.

“डॉक्टर विचारतात, कधीपासून,” ती म्हणाली. “मी सांगितलं, महिन्याभरात झालं असेल. मी दर गुरुवारी तिचं लेक्चर ऐकते. दोन पेशंटच्या मधे, एका कानात लावून. मला त्यातलं काही समजत नाही हो, पण फोनवर आई दोन वाक्यांत आटपायची, म्हणून मी लेक्चर ऐकायचे. इतकी छान बोलायची. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, आई या वयात कशी खणखणीत आहे.”

मी पातळीची कळ उगाच खालीवर केली.

“डॉक्टर म्हणाले, तुमचं काहीतरी चुकतंय, हे कमीत कमी दीड वर्षाचं आहे. तेव्हाच आणलं असतं तर पुष्कळ दिवस असं थोपवून धरता आलं असतं. काका, ती तेव्हा कशी बोलत होती?”

आजवर मला कुणी काही विचारलं की मी काहीतरी कापूनच उत्तर देत आलो होतो. त्या दिवशी नाही दिलं. पर्णरंध्रांपासून सगळं सांगितलं. पंख्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, “म्हणजे मी ऐकत होते ते तुम्ही केलेलं होतं.” मी हो म्हटलं.

“कापलेलं आहे?”

‘कचरा’ फोल्डर उघडून मी तारखा लावल्या. नाव वाचून तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी तिला हेडफोन दिले, दुसरे मी लावले. ते तुकडे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

सुरुवातीचे साधेच होते. खोकला, कागदाची सळसळ, “अरे देवा, काय म्हणायचं होतं मला.” मग शांतता लांबत गेली. शांततेत पानाच्या देठाशी चाळा केल्याचा आवाज. एका तुकड्यात त्या एकच शब्द निरनिराळ्या टोकांनी पकडायला बघत होत्या, “पर्ण, पर्ण, पान, पानाचं.” मुलीने डोळे मिटून घेतले होते. मी तुकड्यामागून तुकडा लावत होतो. वीस महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारचा तुकडा लागला. टक टक. थोडा वेळ काही नाही. मग बाईंचा आवाज, अगदी माइकजवळ, हलका.

“भाऊ, तुम्ही हे ऐकालच, म्हणून इथे बोलते. तोंडावर बोलायला धीर होत नाही. मला शब्द सापडेनासे झालेत. परवा घरी जाताना रस्ता चुकले, आपल्याच गल्लीत. मला भीती वाटते. मुलीला फोन करते आणि काहीतरी बोलून ठेवून देते. तिचा नंबर ऑफिसात माझ्या फाइलमध्ये आहे. तुम्ही तिला कळवाल का? तुम्ही रोज माझं ऐकता, तुम्हाला माझ्याहून जास्त कळत असेल. कळवावं असं वाटलं तर कळवा. एवढं काही झालेलं नाही असं वाटलं, तर हे कापून टाका. म्हणजे मी समजेन.”

टक टक. “तर पोरांनो, देठापासून सुरुवात करू.”

मुलीने हेडफोन काढले. मीही काढले. यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“तुम्ही हे ऐकलं नव्हतंत,” ती म्हणाली.

“नाही.”

“पुढच्या आठवड्यात तिने काही विचारलं?”

मी नाही म्हणू शकलो असतो. तिला कधीच कळलं नसतं.

“विचारलं,” मी म्हटलं. “ऐकलंत ना, म्हणाल्या. सगळं ऐकलंत का, म्हणाल्या.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, सगळं ऐकलं. सगळं काढून टाकलं. निर्धास्त राहा, कुणाला काही कळायचं नाही.”

तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं. ती ओरडली नाही. काचेपलीकडे बघत राहिली. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर पान नव्हतं, तरी त्या काहीतरी बोलत होत्या, हात हलवून, पोरांना समजावून सांगताना हलवायच्या तसे. काचेतून ऐकू काही येत नव्हतं. मग त्या थांबल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं, छताकडे बघितलं. बोट उचललं, बंद माइकवर दोनदा टकटक केली, आणि वळून माझ्याकडे बघून वाट पाहू लागल्या.

माझा हात आपसूक कापायच्या कळीकडे गेला.

मुलीने त्या हाताकडे बघितलं. मग ती उठली आणि दार उघडून आत आईकडे गेली.